मोहफुलाची मालकी कागदावर, मोल मात्र व्यापाऱ्याच्या गोदामात

मार्च सरू लागला की डांगपासून झारखंडपर्यंत आणि सातपुड्यापासून बस्तरपर्यंत पसरलेल्या वनपट्ट्यातील गावे पहाटेच्या काळोखातच जागी होतात. रात्रभर गळालेली मोहाची फुले उन्हे चढण्यापूर्वी वेचायची असतात. उशीर झाला तर गुरे, हरणे आणि अस्वले आपापला वाटा उचलून मोकळी होतात. टोपल्या घेऊन निघणाऱ्यांत स्त्रिया आणि मुले अधिक असतात. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. पण तो येतो नेमका शेतात काम नसताना आणि घरातले धान्य तळाला गेलेले असताना. मध्य भारतातील लाखो आदिवासी आणि वननिवासी कुटुंबांसाठी मोह म्हणजे उन्हाळ्यातील पहिली रोख मिळकत.

या फुलावर वेचणाऱ्यांची मालकी असल्याचे संसदेने दोनदा मान्य केले आहे. तरीही हंगामात मातीमोल भावाने विकलेले फूल पावसाळ्यात त्याच गावाला चढ्या दराने विकत घ्यावे लागते, ही तक्रार आठवडी बाजारांत वर्षानुवर्षे ऐकू येते. गेल्या काही वर्षांत मोहाला अचानक चांगले दिवस आल्याचे चित्र उभे राहिले आहे. कुठे ‘वारसा मद्य’ म्हणून त्याचा गौरव होतो, कुठे पौष्टिक अन्न म्हणून ते परदेशी जाते, कुठे त्यावरील निर्बंध उठवल्याच्या घोषणा होतात. या उत्साहात मूळ प्रश्न मागे पडू नये. फूल कोणाचे, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते कोण साठवू शकते, कोण नेऊ शकते आणि कोण त्याचे दुसरे काही बनवू शकते, यावर त्याचे मोल ठरते.

एका झाडाचे दोन हंगाम

मोह हा चिकूच्या कुळातील वृक्ष. फेब्रुवारीनंतर त्याची पाने झडतात आणि निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. त्याच्या रचनेत एक विलक्षण सोय आहे. जमिनीवर गळते ती फुलाची मांसल, मलईच्या रंगाची पाकळी-नळी. फळ ज्यातून वाढायचे तो भाग फांदीवरच राहतो. त्यामुळे गळालेले फूल वेचल्याने फळाचे नुकसान होत नाही. एकच झाड मार्च-एप्रिलमध्ये फूल देते आणि पावसाळ्याच्या तोंडावर फळ. त्याच्या परागीभवनात वटवाघळांचाही हातभार लागतो.

फुलात साखर भरपूर असते. नीट वाळवलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा साखरेचाच. म्हणूनच ते भाजून, शिजवून, पिठात मिसळून भाकरीसारखे, तिळाबरोबर कुटून लाडवासारखे खाल्ले जाते. दुष्काळाच्या वर्षांत अनेक भागांत मोहफूल आणि कंदमुळे यांनीच माणसे तगवली. कच्च्या फळाची भाजी होते, पिकल्यावर त्याचा गोड गर खाल्ला जातो. फळातील बी कुठे टोळ, कुठे मोहट्या, छत्तीसगडमध्ये डोरी, मध्य प्रदेशात गुल्ली आणि गुजरातेत डोळी म्हणून ओळखले जाते. त्यापासून काढलेले तेल थंडीत तुपासारखे गोठते. ते स्वयंपाकात, दिव्यात, अंगाला लावण्यासाठी वापरले जाते आणि साबणाच्या कारखान्यांतही जाते. उरलेल्या पेंडीत सॅपोनिन असल्याने ती गुरांना थेट चारता येत नाही; मात्र शेतात कीड आवरण्यासाठी आणि ओढ्यात मासे पकडण्यासाठी तिचा वापर पूर्वीपासून होत आला आहे. गोंड समाजात लग्नाच्या मांडवात मोहाच्या डहाळीला मान असतो. अनेक गावांत कोणते झाड कोणत्या कुटुंबाने वेचायचे, हे पिढ्यान् पिढ्यांच्या परंपरेने ठरलेले असते. झाड सरकारी जंगलात असले तरी त्यावरचा हक्क गावाच्या स्मृतीत नोंदलेला असतो.

अन्न, तेल, औषध, गुरांचा चारा, देवाचा नैवेद्य आणि मद्य अशा अनेक उपयोगांपैकी मद्य हा केवळ एक. शासनव्यवहारात मात्र दीर्घकाळ तोच एक उपयोग महत्त्वाचा ठरला.

कायद्याची जुनी नजर

या दृष्टीचा उगम ब्रिटिश अमदानीत आहे. मुंबई इलाख्यात १८७८ मध्ये आबकारी कायदा आला आणि मद्यनिर्मिती मक्त्यांच्या चौकटीत बांधली गेली. गावोगावच्या भट्ट्या बेकायदा ठरल्या. मक्तेदाराकडून सरकारला मिळणाऱ्या महसुलाला घरी गाळलेल्या मद्याची स्पर्धा नको होती. पण ज्या प्रदेशात कच्चा माल दारासमोर झाडावरून गळतो, तेथे केवळ भट्टीवर पहारा ठेवून भागेना. म्हणून १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा करण्यात आला. फुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची ने-आण करणे यांवरच बंधने आली. परिणामी, ज्याचे पीठ करून खायचे तेच फूल बाळगणे संशयास्पद झाले.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला, साधन तेच राहिले. महसुलाच्या जागी दारूबंदीचे नैतिक उद्दिष्ट आले. तत्कालीन मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि हाच कायदा पुढे महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांना वारशाने मिळाला. इतर राज्यांनी आपापले मार्ग निवडले. मध्य प्रदेशात आदिवासींना घरगुती वापरापुरते ठरावीक प्रमाणात मद्य गाळण्याची सूट मिळाली. अन्यत्र फुलांच्या साठ्यावर वजनाच्या मर्यादा आल्या. धोरणे वेगवेगळी असली तरी गृहीतक एकच होते : मोहफूल म्हणजे उद्याची दारू.

याचा फटका केवळ मद्य गाळणाऱ्याला बसला नाही. चार पोती फूल घरात ठेवून भावाची वाट पाहणाऱ्यालाही तपासणीची भीती राहिली. परवाना असलेल्या व्यापाऱ्याला मात्र हीच बंधने सोयीची ठरली. विक्रेत्याला साठवता येत नाही आणि दूर नेता येत नाही, अशा बाजारात खरेदीदाराला दर वाढवण्याचे कारणच उरत नाही.

मालकी आली, मुभा आली का?

१९९६ च्या पेसा कायद्याने पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांत गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे सोपवली. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर मालकी, तो गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. २०१२ मध्ये या कायद्याच्या नियमांत सुधारणा झाली, तेव्हा विक्रीच्या हक्कात स्थानिक प्रक्रिया, मूल्यवर्धन आणि वाहतूक यांचा स्पष्ट समावेश झाला आणि वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला.

कागदावर ही साखळी पूर्ण आहे. प्रत्यक्षात मोहफूल एकाच वेळी दोन खात्यांच्या कक्षेत येते. वनविभागाच्या लेखी ते गौण वनोपज आहे, तर उत्पादन शुल्क विभागाच्या लेखी मद्याचा कच्चा माल. पहिल्या खात्याचा अंमल वनहक्क कायद्याने सैल केला. दुसऱ्याच्या अधिकाराला मात्र त्याने थेट हात लावला नाही. तेंदूपाने किंवा बांबू यांच्या बाबतीत ही अडचण नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा संघर्ष एकाच खात्याशी होता. मोहाच्या वाटेवर नाकी दोन आहेत.

किमान आधारभूत किमतीचा इतिहासही बोलका आहे. केंद्र सरकारने २०१३-१४ मध्ये गौण वनोपजासाठी आधारभूत किमतीची योजना आणली. तिच्या पहिल्या यादीत मोहाच्या बियांना स्थान मिळाले. ज्यावर कुटुंबांची खरी भिस्त असते ते फूल नंतर यादीचा विस्तार झाला तेव्हा आले. तेल देणारे बी निरुपद्रवी आणि फूल अडचणीचे, ही जुनी विभागणी नव्या योजनेतही उमटली, असे म्हणायला जागा आहे. २०१८ मध्ये छत्तीसगडमधील बिजापूर येथून वनधन योजनेचा प्रारंभ झाला. बचत गटांनी वनोपजावर प्रक्रिया करून ते विकावे, ही त्यामागची कल्पना. ट्रायफेड आणि आयआयटी दिल्ली यांच्या सहकार्यातून मोहाचे पौष्टिक पेयही विकसित करण्यात आले.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला. शतकाहून अधिक काळ चालत आलेल्या संशयाला दिलेला हा पहिला मोठा छेद होता. मात्र बंधन उठणे आणि बाजार उभा राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साठवणुकीचे गणित

मोहाच्या भावाचे रहस्य पावसात आहे. फूल उन्हात नीट वाळले आणि कोरड्या जागी राहिले तर अनेक महिने टिकते. ओल लागली की ते काळे पडते, चिकटते आणि आंबू लागते. मातीच्या भिंती आणि कौलारू छत असलेल्या घरात पावसाळाभर पोती कोरडी ठेवणे कठीण असते. त्यातच एप्रिलमध्ये पैशांची निकड सर्वाधिक असते : उधारी फेडायची असते, लग्ने असतात, खरिपासाठी बियाणे आणावयाचे असते. साहजिकच फूल वाळताच ते बाजाराची वाट धरते. एकाच वेळी साऱ्या गावांचा माल आल्याने दर कोसळतो. कोरडी गोदामे आणि शीतगृहे ज्यांच्याकडे आहेत ते व्यापारी माल भरून ठेवतात आणि भाव चढला की बाहेर काढतात. वेचणाऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या दरातील तफावत म्हणजे चार महिने थांबण्याच्या ऐपतीची किंमत.

आधारभूत किमतीने यावर थोडा आधार दिला आहे. तथापि ती जाहीर होणे आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यात गावाजवळ खरेदी केंद्र सुरू असणे, यांत अनेकदा अंतर राहते. घराघरातून निघणाऱ्या पाच-दहा किलोंच्या लहान विक्रीत वजन, प्रत आणि रोख पैसे या तिन्ही बाबतीत गावचा दुकानदार सरकारी यंत्रणेपेक्षा जवळचा ठरतो. त्याने दिलेली उधारीही त्या व्यवहारात गुंतलेली असते. म्हणून केवळ दर वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. ग्रामसभेचे स्वतःचे कोरडे गोदाम, माल ठेवून त्यावर मिळणारी उचल आणि वाळवणीची स्वच्छ सोय या साध्या गोष्टी दरवाढीच्या घोषणेपेक्षा अधिक काही साधू शकतात.

स्वच्छतेचा मुद्दा तर थेट किमतीशी जोडलेला आहे. मातीवरून वेचलेले फूल भट्टीला चालते. खाद्यपदार्थाच्या बाजारात ते चालत नाही. झाडाखाली जाळी बांधून फूल जमिनीला लागण्यापूर्वीच झेलण्याची पद्धत म्हणूनच पुढे आली. छत्तीसगडमधील कोरबा भागातील वाळवलेली मोहफुले २०२१ मध्ये समुद्रमार्गे फ्रान्सला रवाना झाली. निर्यातीचे आकारमान अद्याप लहान आहे. पण फूल अन्न म्हणून विकले की त्याची प्रत वेगळी आणि भावही वेगळा, हे त्यातून दिसते.

वारशाची बाटली

मद्याच्या अंगानेही वारे बदलले आहे. २०१८ मध्ये एका खासगी उत्पादकाने गोव्याच्या बाजारात मोहाचे बाटलीबंद मद्य आणले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेश सरकारने पारंपरिक मोहमद्याला ‘हेरिटेज’ दर्जा देऊन वैध करण्याची घोषणा केली. पुढे आबकारी धोरणात त्याचा समावेश होऊन आदिवासी बचत गटांकडे उत्पादन सोपवण्याचा प्रयोग अलिराजपूर आणि दिंडोरी जिल्ह्यांत सुरू झाला. ज्या भट्टीमुळे आजोबांवर खटला झाला, तिलाच नातवाच्या काळात वारसा म्हणून मान्यता मिळावी, हा बदल लहान नाही.

येथे गोव्याच्या काजू फेणीचा अनुभव उपयोगी आहे. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा मद्याचा दर्जा दिला. तरीही ‘देशी दारू’ या वर्गवारीमुळे राज्याबाहेर तिला मोकळी वाट दीर्घकाळ मिळाली नाही. मद्य हा राज्यांचा विषय असल्याने एका राज्यातील सन्मानित बाटली शेजारच्या राज्यात परवान्यासाठी ताटकळते. फेणीमागे पर्यटकांची बाजारपेठ आणि परवानाधारक भट्ट्यांची जुनी परंपरा होती. मोहाच्या बचत गटांकडे यांपैकी काहीच नाही. बाटली, लेबल, प्रयोगशाळा, गोदाम आणि विक्रीचे जाळे यांसाठी लागणारे भांडवल मोठे असते. ते बाहेरून आले तर नफाही बाहेर जातो आणि आदिवासी पुन्हा कच्चा माल पुरवणारे उरतात. प्रतिष्ठा पेयाला मिळते, पण वेचणाऱ्याच्या पदरात काय पडते, ही या प्रयोगाची खरी कसोटी आहे.

दारूबंदीची बाजू

निर्बंध उठवण्याला असलेला विरोधही गांभीर्याने घ्यायला हवा. दारूविरोधात उभे राहणारे सारेच बाहेरचे सुधारक नव्हते. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत देवीच्या चळवळीने जोर धरला, तेव्हा हजारो आदिवासींनी स्वतःहून मद्य सोडले आणि पारशी दारूविक्रेत्यांच्या पकडीला आव्हान दिले. गडचिरोलीत लोकआंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी आली. तिच्या पाठीशी गावोगावच्या स्त्रिया उभ्या राहिल्या. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली आणि वाद पुन्हा पेटला. मोहफुलांच्या साठ्याला मोकळीक दिली तर अवैध भट्ट्या वाढतील आणि त्याची झळ घरातील स्त्रीलाच बसेल, ही भीती निराधार नाही.

पण या भीतीवरील उपाय फुलावर बंदी घालणे हा होता का? मोहफूल मिळाले नाही तर अवैध दारू गुळापासून आणि इतर पदार्थांपासून गाळली जातेच. फुलावरील बंधनाने दारू थांबली नाही. प्रामाणिकपणे फूल विकणाऱ्याची वाट तेवढी अडली. आणि याचे उत्तर पेसा कायद्यातच दडलेले आहे. ज्या कलमाने ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली, त्याच कलमाने मद्याची विक्री आणि सेवन यांवर बंदी, नियमन किंवा निर्बंध घालण्याचा अधिकारही तिला दिला आहे. म्हणजे फूल विकावे, गाळावे की गाळू नये, हा निर्णय गावाने एकत्रितपणे घ्यावा, अशी कायद्याची मूळ कल्पना आहे. महाराष्ट्राने पेसाचे नियम २०१४ मध्ये केले. मध्य प्रदेशाने ते नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू केले. या नियमांची परीक्षा घेण्यासाठी मोहाहून चांगले उदाहरण सापडणार नाही. मालकी आणि नियंत्रण हे दोन्ही अधिकार एकाच ग्रामसभेकडे असतील, तर दारूबंदी करणारे गाव आणि मद्यनिर्मिती करणारे गाव यांना शेजारी शेजारी नांदता येईल.

झाडच उरले नाही तर

या साऱ्या चर्चेत एक चिंता दुर्लक्षित राहते. फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची रूढी अनेक भागांत आहे. ती आग कधी कधी जंगलात पसरते. उन्हाळी वणव्यांच्या कारणांत मोहफुलांच्या वेचणीचा उल्लेख वनविभाग सातत्याने करतो. त्या आगीत मोहाची कोवळी रोपेही जळतात. दुसरीकडे बी तेलासाठी वेचले जाते. उरलेले बी फार काळ उगवणक्षम राहत नाही. रोप वाढले तरी फुलावर येण्यास आठ-दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. परिणामी अनेक गावांच्या शिवारात मोठाली, जुनी झाडे दिसतात. त्यांच्या पायाशी पुढची पिढी मात्र दिसत नाही. आज वेचली जाणारी फुले आजोबा-पणजोबांनी राखलेल्या झाडांची आहेत.

वेचणाऱ्यांच्या जिवाचाही प्रश्न आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांत एप्रिल-मेमध्ये पहाटे मोहफुले किंवा तेंदूपाने वेचायला गेलेल्यांवर वाघ आणि अस्वलांचे हल्ले होतात. अस्वलालाही हेच फूल प्रिय असते आणि तेही त्याच वेळी झाडाखाली येते. खाली वाकून वेचणाऱ्या माणसाला त्याची चाहूल उशिरा लागते. झाडाखाली बांधलेली जाळी येथे तिहेरी कामाची ठरते. पाचोळा जाळावा लागत नाही, फूल स्वच्छ राहते आणि काळोखात झाडाखाली तासन् तास वाकून राहण्याची वेळ येत नाही. हा उपाय स्वस्त आहे. परंतु जाळ्यांचा पुरवठा आजही एखाद्या प्रकल्पाच्या कालावधीपुरता राहतो.

पुढची दिशा

मोहाच्या बाबतीत नवा कायदा करण्यापेक्षा असलेल्या कायद्यांतील विसंगती दूर करणे अधिक निकडीचे आहे. वनहक्क नियमांनी ग्रामसभेला दिलेला वाहतूक परवाना उत्पादन शुल्क विभागानेही ग्राह्य मानावा, ही पहिली गरज. महाराष्ट्राने साठवणुकीवरील बंधने उठवली तशीच भूमिका शेजारच्या राज्यांनीही घेतली, तर राज्याच्या सीमेवर अडणारा माल मोकळा होईल. गोंदिया, गडचिरोली, बालाघाट आणि राजनांदगाव यांचे जंगल एकमेकांना लागून आहे. फुलाला राज्याची सीमा कळत नाही, ती केवळ नाक्यावरच्या नोंदवहीला कळते. दुसरी गरज गोदामांची आणि हंगामाच्या प्रारंभीच सुरू होणाऱ्या खरेदीची. आणि तिसरी, पुनर्लागवडीची : वनीकरणाच्या कामांत झटपट वाढणाऱ्या प्रजातींबरोबर मोहाला निश्चित वाटा मिळाला नाही, तर आजच्या सर्व योजना एका पिढीनंतर निरर्थक ठरतील.

१८९२ च्या कायद्याने मोहफुलाकडे गुन्ह्याचा पुरावा म्हणून पाहिले. आज त्याच फुलाकडे उद्योगाची संधी म्हणून पाहिले जात आहे. दोन्ही दृष्टींत पहाटे टोपली घेऊन निघणारी बाई केंद्रस्थानी नाही. पावसाळा येईपर्यंत पोते घरात ठेवण्याची तिची ऐपत झाली आणि ते कोणाला विकायचे हे ठरवण्याचा अधिकार तिच्या ग्रामसभेने वापरला, तर कागदावरची मालकी खरी ठरली, असे म्हणता येईल.